कळतं, पण वळायला नकाशा लागतो

पावसाळा लागला की गोव्यात पंचायतीपासून शाळांपर्यंत डेंग्यूवर व्याख्यानं सुरू होतात. लोकांना माहिती नाही, ती दिली की ते आपोआप तसं वागतील, असं त्यामागे गृहीत धरलेलं असतं. ही समजूत किती अपुरी आहे, हे सत्तर वर्षांपूर्वीच दिसलं होतं.

तेव्हा अमेरिकेत क्षयरोग शोधण्यासाठी फुकट एक्स-रे काढणाऱ्या गाड्या वस्तीत येऊन उभ्या राहत, तरी बरेच जण फिरकत नसत. गॉडफ्री हॉकबाम या मानसशास्त्रज्ञाने १९५२ मध्ये तीन शहरांतल्या १२०० हून अधिक प्रौढांची पाहणी केली. ‘मलाही क्षय होऊ शकतो’ आणि ‘लवकर कळलं तर फायदा आहे’ हे दोन्ही मानणाऱ्यांपैकी ८२ टक्क्यांनी स्वतःहून एक्स-रे काढला होता. दोन्ही न मानणाऱ्यांपैकी फक्त २१ टक्क्यांनी. यातूनच ‘हेल्थ बिलीफ मॉडेल’ उभं राहिलं. धोका मला आहे का, तो किती गंभीर, उपायाचा फायदा काय, त्यात अडचण काय आणि आजच करायला टोचणी कोण देतं, असे त्याचे घटक. ‘हे मला जमेल’ हा आत्मविश्वास त्यात १९८८ मध्ये जोडला गेला.

बहुतेक व्याख्यानं पहिल्या दोन घटकांवरच थांबतात, म्हणजे भीतीवर. हॉवर्ड लेव्हेंथल आणि सहकाऱ्यांचा १९६५ चा प्रयोग इथे फार मोलाचा आहे. येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना धनुर्वातावरची पत्रकं दिली. काहींची सौम्य, काहींची अंगावर काटा आणणारी. लस फुकट होती. जास्त घाबरलेल्यांनी ‘घेणार’ असं अधिक ठामपणे सांगितलं, पण प्रत्यक्ष लस घेण्यात भीतीच्या तीव्रतेने फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो वेगळ्याच गोष्टीने. काहींना आरोग्य केंद्रावर खूण केलेला नकाशा दिला आणि आठवड्याच्या वेळापत्रकात जायची वेळ ठरवायला सांगितली. त्यांच्यापैकी सुमारे २८ टक्क्यांनी लस घेतली. नुसतं पत्रक वाचलेल्यांपैकी ३ टक्क्यांनी. केंद्र कुठे आहे हे शेवटच्या वर्षाच्या त्या मुलांना ठाऊकच होतं! नकाशाने नवी माहिती दिली नाही, ‘कधीतरी’चं ‘मंगळवारी तासानंतर’ केलं. मात्र भीती अजिबात न घालता फक्त नकाशा मिळालेल्यांपैकी कोणीही गेलं नाही. थोडी भीती लागतेच.

आता हे डेंग्यूला लावू. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाच्या अंड्यापासून डास व्हायला उष्ण हवेत साधारण ७ ते १० दिवस लागतात, म्हणून साचलेलं पाणी आठवड्यातून एकदा ओतायचं. ‘परिसर स्वच्छ ठेवा’ हे सांगणं नकाशाविना पत्रक आहे. त्याऐवजी जागा मोजून द्या: फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या बशा, करवंट्या, ताडपत्रीच्या घड्या, कुळागरात (बागायतीत) गळलेल्या पोफळीच्या विऱ्या, म्हणजे झावळीच्या बुडाची खोलगट आवरणं. आणि दिवस बांधून द्या. ज्या घरांत सोमवार शिवराक (शाकाहारी) असतो, तिथे मासळी साफ करण्याचा वेळ वाचतो. तोच दिवस धरावा. टोचणी घरात आधीच आहे, ती वापरायची.

एक चूक नेहमी होते. पिंपातलं पाणी ओततात, पण कडा घासत नाहीत. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर चिकटलेली असतात, कोरडी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात. ब्रश हवाच.

धूरफवारणी आणि पपईच्या पानांचा रस यांचं आकर्षण हेल्थ बिलीफ मॉडेलमधूनच समजतं: काहीतरी केल्याचं समाधान मिळतं, अडचण शून्य. धुराने फक्त उडते डास मरतात, पिंपातल्या अळ्या तशाच राहतात. पपईच्या रसाने डेंग्यू बरा होतो याला भक्कम पुरावा नाही; खरा धोका वेगळाच असतो: तीव्र डेंग्यूत रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरतो, तेही बहुधा ताप उतरताना. तेव्हा पोटात सतत दुखणं किंवा वारंवार उलट्या दिसल्या तर रुग्णालय गाठायचं.

बांधकामावरच्या कामगाराला मात्र ‘ड्रम ओता’ म्हणण्यात अर्थ नाही. नळाला रोज पाणी नसेल तर साठवलेलं पाणी तो ओतेल कसा? त्याला ड्रमच्या तोंडाला ताणून बसेल असं दाट कापड आणि ते बांधायला दोरी द्यावी, आणि ठेकेदाराकडून पाण्याची जोडणी करून घ्यावी.