राजधानी हलवली की जुन्या शहराची गर्दी ओसरते?

‘राजधानी दुसऱ्या गावी नेली की जुन्या शहराची गर्दी आपोआप ओसरते,’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. ऐकायला पटतं, पण अनुभव वेगळा आहे.

नायजेरियाच बघा. तेव्हाची राजधानी लागोसमध्ये दाटी फार, म्हणून १९७६ मध्ये देशाच्या मधोमध अबुजा वसवायचं ठरलं. १९९१ मध्ये राजधानी रीतसर तिथे गेली. लागोस मात्र नंतरही फुगतच राहिलं. कारण हलली ती मंत्रालयं आणि बहुतेक दूतावास. लागोसमधलं अपापा बंदर, मोठ्या बँका, बाजारपेठा जागच्या जागी राहिल्या. माणसं शहरात येतात ती पोटापाण्यासाठी, मंत्र्यांच्या शेजारासाठी नव्हे! ब्राझीलने १९६० मध्ये राजधानी ब्राझिलियाला नेली, तरी जुन्या राजधानीची, रिओची लोकसंख्या पुढे वाढलीच.

पडताळायचं असेल तर जुन्या शहराची आधीची आणि नंतरची जनगणना शेजारी ठेवा. मग तिथल्या एकूण रोजगारात सरकारी नोकऱ्या किती, ते पाहा. तेवढाच भाग हलू शकतो.

अर्थात अबुजामागे गर्दी हे एकच कारण नव्हतं. कोणत्याही एका मोठ्या वांशिक गटाची मक्तेदारी नसलेली जागा हवी होती, आणि माझ्या मते ती बाजू जास्त भक्कम आहे.