गोळी कधी सुरू केली?

अंगावर पुरळ आलं की आपण काल काय खाल्लं ते आठवतो. महिन्यापूर्वी सुरू केलेली गोळी सहसा आठवत नाही.

हा दुवा कुणीतरी जोडावा लागतो. ३१ डिसेंबर १९६० च्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये स्कॉटलंडमधले डॉक्टर लेस्ली फ्लॉरेन्स यांचं छोटंसं पत्र छापून आलं. त्यांच्या चार रुग्णांच्या पायांना आणि मग हातांना मुंग्या येत होत्या. चौघांत समान गोष्ट एकच: झोपेसाठी दीड-दोन वर्षं रोज रात्री घेतलेली थॅलिडोमाइडची गोळी. ती थांबवल्यावर त्रास कमी झाला, पण पूर्ण गेला नाही. दोष या औषधाचा असेल का, एवढंच त्यांनी विचारलं होतं.

अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेत फ्रान्सिस केल्सी यांच्या टेबलावर याच औषधाचा परवान्याचा अर्ज होता. पत्र वाचून त्यांना प्रश्न पडला की मोठ्यांच्या नसांना इजा करणारं औषध गर्भाचं काय करेल? कंपनी पाठपुरावा करत राहिली, तरी त्यांनी मंजुरी दिली नाही. पश्चिम जर्मनीत मात्र ही गोळी १९५७ पासून बाजारात होती. नोव्हेंबर १९६१ मध्ये हॅम्बुर्गचे बालरोगतज्ज्ञ विडुकिंड लेन्झ यांनी, व्यंग घेऊन जन्मलेल्या बाळांच्या आयांशी बोलून गरोदरपणातल्या गोळ्यांचा माग काढत, तिच्याकडे बोट दाखवलं आणि त्याच महिन्यात ती मागे घेतली गेली. या गोळीमुळे जगभरात सुमारे १०,००० मुलं हातापायांच्या व्यंगासह जन्मली. मुंग्यांच्या त्या तक्रारी वेळीच मनावर घेतल्या असत्या तर, हा विचार मला अजूनही अस्वस्थ करतो.

औषधांच्या दुष्परिणामांच्या अशा तक्रारी गोळा करण्यासाठी ब्रिटनने १९६४ मध्ये ‘यलो कार्ड’ हा डॉक्टरांनी भरून पाठवायचा फॉर्म आणला, १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा कार्यक्रम सुरू झाला. भारतात २००४ च्या प्रयत्नात मुंबईचं केईएम हे विभागीय केंद्र होतं. आजचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० चा, त्याचं मुख्य केंद्र गाझियाबादला.

२०२३ मध्ये याच कार्यक्रमाने पाळीच्या दुखण्यावर सर्रास घेतल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक अॅसिडबद्दल सावध केलं. क्वचित कुणाला ताप, पुरळ, गाठींना सूज येते, यकृतासारख्या अवयवांनाही इजा होऊ शकते, आणि हे सगळं औषध सुरू केल्यावर दोन ते आठ आठवड्यांनी दिसतं. इतक्या उशिरा आलेला ताप ‘व्हायरल’ म्हणून सहज खपून जातो.

म्हणून डॉक्टरांना गोळी सुरू केल्याची तारीख सांगायची, सोबत चालू असलेली बाकीची औषधं, अगदी काढेसुद्धा. श्वास लागला, ओठ-चेहरा सुजला किंवा तोंडात-त्वचेवर फोड आले तर थेट रुग्णालय गाठायचं. फिटसारख्या आजाराची गोळी मात्र परस्पर बंद करायची नाही, कारण ती एकदम थांबवली तर झटके उलटतात. रुग्ण स्वतःही राष्ट्रीय कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर तक्रार नोंदवू शकतो. औषधच कारणीभूत होतं हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर नसते, संशय पुरतो.