बालवाडीत ‘नुसतं खेळणं’ म्हणजे वर्ष वाया?

‘नुसतं खेळवतात, लिहायला काहीच देत नाहीत!’ बालवाडीबद्दलची ही तक्रार जुनी आहे. लवकर पेन्सिल धरली की मूल पुढे जातं, हा त्यामागचा समज. तो चुकीचा आहे.

मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती कूर्चेचीच, म्हणजे कानाच्या पाळीच्या वरच्या भागासारखी मऊ, लवचीक असतात. तीन वर्षांच्या मुलात त्यांतली बरीचशी अजून मऊच असतात. अशा हाताला पानभर ‘अ’ गिरवायला लावला की मूल पेन्सिल मुठीत आवळतं, बोटं दुखतात, वही नकोशी होते. कणीक मळणं, मणी ओवणं, चिंचोके चिमटीने उचलून वाटीत टाकणं, यातून तीच बोटं तयार होतात. (चिंचोके नाकातोंडात घालायचं हे वय, म्हणून जवळ बसाच.) शिवाय ‘पाच’ म्हणजे नेमके किती, हे चिंचोके मोजताना कळतं, पाठ केलेल्या उजळणीतून नाही.

हे परदेशी खूळही नव्हे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीत, पुढे जवळच्या कोसबाडला शंखशिंपले, बिया, पानं हीच साधनं करून मुलांना शिकवलं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सुद्धा या वयासाठी खेळातून शिक्षणच सांगतं.