घेवड्याची खुरपणी: दिवस मोजावेत की पाने?

सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्यात वाघ्या घेवडा (राजम्याचा एक प्रकार) खरिपात पेरला जातो, त्यामुळे तो उगवतो त्याच ओलीवर केना, घोळ, लव्हाळा आणि हरळीही जोर धरतात. मजुरीचे दर पाहता शेत शेवटपर्यंत तणमुक्त ठेवणे कुणालाच परवडणारे नाही. सुदैवाने त्याची गरजही नसते.

पिकाला तण नेमके केव्हा बाधते हे शोधण्यासाठी शास्त्रज्ञ दोन प्रकारचे वाफे करतात. काही वाफ्यांत ठरावीक अवस्थेपर्यंत तण वाढू देऊन मग ते काढतात, तर काहींत आधी तण काढत राहून नंतर ते वाढू देतात. दोन्हींच्या उत्पादनाची तुलना केली की ज्या काळात तण ठेवून चालतच नाही तो काळ हाती लागतो. कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात पांढऱ्या घेवड्यावर झालेल्या आणि १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा काळ दुसरे त्रिपर्णी (तीन पर्णिकांचे) पान उमलल्यापासून पहिले फूल येईपर्यंतचा निघाला. हवामानानुसार वाढीचा वेग बदलतो, म्हणून दिवसांपेक्षा पाने मोजणे अधिक भरवशाचे. मात्र दलांनंतर (बियातून निघणाऱ्या पहिल्या जाड पानांनंतर) समोरासमोर येणारी साध्या, हृदयाकृती पानांची जोडी मोजणीत धरू नये. तीन पर्णिकांची पाने त्यानंतर येतात.

हा काळ इतका नाजूक का? घेवड्याची बरीचशी मुळे जमिनीच्या वरच्या थरात पसरतात आणि तणांचीही तिथेच असतात. शिवाय तूर किंवा हरभऱ्याच्या तुलनेत घेवड्याच्या मुळांवरील गाठी आपल्याकडे फारच कमी नत्र देतात, म्हणून खत घालावे लागते आणि त्यावर तणही पोसते. सावली पडण्याआधीच शेजारच्या हिरव्या पानांवरून परावर्तित होणारा दूर-लाल प्रकाश रोपाला गर्दीची चाहूल देतो, आणि ते फांद्या फोडण्याऐवजी उंच होऊ लागते.

खरी अडचण वाफशाची, म्हणजे रान कामाजोगे सुकण्याची आहे. ओल्या रानात खुरपलेला केना कांड्यांपासून पुन्हा मुळे धरतो, म्हणून दुसरे त्रिपर्णी पान दिसू लागताच मिळणारी पहिली उघडीप दवडू नये. उगवणीपूर्वी फवारलेले पेंडिमेथॅलिन हे तणनाशक बियांपासून उगवणारे तण रोखते, पण लव्हाळ्याच्या जमिनीतील गाठींपुढे त्याचे काही चालत नाही. फुलोऱ्यात कोळपे घालणे तर माझ्या मते तोट्याचेच, कारण त्याने वरची मुळे तुटतात आणि फुलेही गळतात.

फुलोऱ्यानंतर उगवलेले तण उत्पादन फारसे घटवत नाही. कामोणीच्या कुळातील तणे मात्र याला अपवाद ठरतात. यंत्राने काढणी होते तिथे त्यांची फळे चिरडून रस दाण्यांना लागतो आणि डागाळलेल्या मालाला भाव मिळत नाही.