आऊटडोअर युनिटची वायरिंग: स्टार्टरच्या पेटीपासून दोन कोअरच्या केबलपर्यंत

बेळगावला जुनी माणसं गरिबांचं महाबळेश्वर म्हणायची. समुद्रसपाटीपासून साधारण अडीच हजार फूट उंची, उन्हाळ्यातल्या काही दुपारी सोडल्या तर पंख्यावर भागायचं, त्यामुळे एसीचं काम आमच्या इकडे तसं उशिराच वाढलं. आता टिळकवाडीत नाहीतर कॉलेज रोडला मान वर करून बघा, शोरूम, हॉस्पिटल, बँक, सगळ्यांच्या गच्चीवर आऊटडोअर युनिटं ओळीनं उभी आहेत. मशीन नवीन आलं पण पॉवर आणि कंट्रोलच्या वायरी एकाच पाइपातून ओढायची सवय मात्र जुनीच राहिली आणि आजचे निम्मे ताप तिथूनच येतात असं माझं स्पष्ट मत आहे, म्हणून ही सवय कुठून आली ते बघू.

कंट्रोल वायर ही एसीपेक्षा जुनी गोष्ट आहे. अमेरिकेत १८८३ साली वॉरन जॉन्सन नावाच्या प्राध्यापकानं इलेक्ट्रिक थर्मोस्टॅटचं पेटंट घेतलं, वर्गात गार किंवा गरम झालं की खाली तळघरात घंटी वाजायची आणि तिथला माणूस हवेची झडप फिरवायचा. म्हणजे त्या वायरीतून पॉवर नाही, फक्त निरोप जायचा. विलिस कॅरियरचं मशीन आलं १९०२ ला, ते पण ब्रुकलिनच्या एका छापखान्यातल्या हवेचा दमटपणा आवरायला. पुढे अमेरिकेत कंट्रोलसाठी २४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर रूढ झाला, बारीक वायर, हात लागला तरी जिवाला धोका नाही.

आपल्याकडे गणित वेगळं बसलं. जुन्या पॅकेज आणि डक्टेबल युनिटात (डक्टमधून, म्हणजे पत्र्याच्या नळीतून, गार हवा पाठवणारी मोठी मशीनं) कंट्रोलसाठी बहुतेक वेळा थ्री फेजमधलाच एक फेज आणि न्यूट्रल घेऊन २३० व्होल्ट वापरायचे. थर्मोस्टॅट, गॅसचा दाब फार वाढला की तोडणारा हाय प्रेशर कटआऊट, फार उतरला की तोडणारा लो प्रेशर कटआऊट, मोटर जास्त करंट ओढायला लागली की सुटणारा ओव्हरलोडचा कॉन्टॅक्ट सगळे एकामागोमाग सिरीजमध्ये आणि शेवटी कॉन्टॅक्टरची, म्हणजे कॉम्प्रेसरला पॉवर देणाऱ्या चुंबकी स्विचची कॉइल, यातलं एक जरी सुटलं की कॉइल पडते, कॉम्प्रेसर बंद. टेस्ट लॅम्प (दोन वायरी जोडलेला साधा बल्ब) घेऊन एकेक पॉइंट तपासला की दहा मिनिटात फॉल्ट हातात यायचा. हे काम आमच्या माणसांना परकं वाटलंच नाही कारण वडगाव, खासबागचे पॉवरलूम, उद्यमबागेतली मशीनं, चिकोडी-निपाणीकडचे उसाचे पंपसेट सगळीकडे मोटर सरळ लाइनवर चालू करणारा हाच डीओएल स्टार्टर, अशीच कॉइल. कंट्रोल आणि पॉवर दोन्ही एकाच सप्लायवर, मग दोन्ही एका पाइपातून ओढल्या तरी मशीन बिनबोभाट चालायचं, आणि ही एका पाइपाची सवय पक्की झाली ती इथं.

वायरीचा पण एक काळ होता. साठच्या दशकात परकीय चलन वाचवायला तांब्याच्या आयातीवर बंधनं आली आणि देशभर अ‍ॅल्युमिनियम केबल चालू झाली. अ‍ॅल्युमिनियम तांब्याच्या टर्मिनलला सरळ आवळलं की पावसाळ्यात दोन्ही धातूंच्या मध्ये पांढरी भुकटी धरते, जोड गरम होतो, एक दिवस फेजच जातो. जाड आर्मर्ड (धातूच्या कवचाची) केबल अजूनही अ‍ॅल्युमिनियमचीच येते बरेचदा, तिथं बायमेटल लग, म्हणजे केबलकडे अ‍ॅल्युमिनियम आणि टर्मिनलकडे तांबं असलेलं टोक, लावायलाच पाहिजे, त्यात काटकसर नको.

फेज जायची भीती तर सगळ्यांनाच होती. १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं, मग वीज बोर्ड आलं, १९९९ ला केपीटीसीएल, २००२ पासून हेस्कॉम या वीज कंपन्या, पण एक फेज गेला की मोटर जळते हे काही बदललं नाही, म्हणून एक फेज गेला की मोटर बंद करणारा, पंपसेटच्या पेटीतला सिंगल फेज प्रिव्हेंटर गच्चीवर पण चढला. कोपलँड कंपनीचा स्क्रोल कॉम्प्रेसर (पिस्टनऐवजी दोन वेटोळ्यांमध्ये गॅस दाबणारा) १९८७ ला बाजारात आला आणि नवीन भानगड झाली. जुना पिस्टनवाला कॉम्प्रेसर उलटा फिरला तरी गॅस दाबायचा, स्क्रोल उलटा फिरला की नुसता खडखडाट, कूलिंग शून्य. ट्रान्सफॉर्मरवर काम झालं आणि दोन फेज अदलाबदल झाले की संपलं, त्यामुळे फेज सिक्वेन्स बघणारा रिले लागायला लागला.

खरा बदल मात्र जपानमधून आला. १९८० च्या आसपास तोशिबानं इन्व्हर्टर एसी आणला, १९८२ ला डायकिननं व्हीआरव्ही, एका आऊटडोअरवर अनेक इनडोअर. आता कॉम्प्रेसर नुसता चालू-बंद नाही, किती वेगानं फिरायचं हे ठरवायचं, म्हणजे प्रत्येक इनडोअरनं आऊटडोअरला सतत आकडे कळवायचे आणि ते सगळं दोन कोअरच्या बारीक केबलमधून, डायकिनमध्ये एफ१-एफ२ म्हणतात ती. थोड्याशा डीसी व्होल्टेजवर चालणारी ही लाइन, तिच्यावर चुकून २३० दिलं तर पीसीबी, म्हणजे मशीनचा इलेक्ट्रॉनिक बोर्डच जळतो, आणि शेजारून पॉवर केबल गेली तर तिचा त्रास हिच्या सिग्नलमध्ये घुसतो. मग डिस्प्लेवर कम्युनिकेशन एरर, कधी येतो कधी जातो, रीसेट केलं की दोन दिवस ठीक. बिचारा टेक्निशियन पीसीबी बदलतो आणि मालकाला हजारोंचा भुर्दंड बसतो, दोष असतो पाइपात. टेस्ट लॅम्प तर इथं लावायचाच नाही.

त्यात आमचा पाऊस. पश्चिमेकडे जांबोटी, कणकुंबीला तर झोडपून काढतो, शहरात पण आठवडा-आठवडा झड लागते. आऊटडोअरच्या टर्मिनल बॉक्समध्ये केबल वरनं घेतली असेल तर पाणी तिच्याच अंगावरून ओघळत थेट पट्टीवर येतं, झाकण उघडलं की पितळी स्क्रू हिरवे पडलेले दिसतात. केबल खालनं घ्यायची, आत जायच्या आधी खाली एक झोळ द्यायचा, ग्लँड, म्हणजे केबल आत जाते तिथलं बूच, आवळायचा. आणि अर्थिंग! मोटरच्या बॉडीला दोन वेगळ्या अर्थ पाहिजेत हे १९५६ च्या इलेक्ट्रिसिटी रूल्सपासून लिहिलेलं आहे, तरी एकावर भागवतात. जांभ्या जमिनीत उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडला की अर्थ नावालाच राहतो, नेमके वळवाच्या विजा तेव्हाच येतात, म्हणून मार्चपासून त्या खड्ड्यात पाणी ओतत राहिलं पाहिजे.

सध्या बऱ्याच इमारतीत जुनं डक्टेबल काढून व्हीआरएफ (व्हीआरव्हीसारख्या सिस्टिमचं सर्वसाधारण नाव) बसवायचं चाललंय आणि भिंत फोडायला नको म्हणून भिंतीतला जुनाच पाइप वापरतात, पॉवर आणि कम्युनिकेशन दोन्ही त्यातूनच. वायर ओढायच्या आधी मालकाला सांगून दुसरा पाइप टाकून घ्या, मॅन्युअलमध्ये जेवढं अंतर दिलंय तेवढं ठेवा, केबलला शील्ड (वायरींभोवती धातूची जाळी) असेल तर मॅन्युअल सांगेल तिथंच अर्थ करा. पाइपाचा खर्च एका पीसीबीपेक्षा कितीतरी कमी येतो.