डावखुऱ्यांची रायफल आणि ‘दोन्ही हातांना चालणारी’ रायफल

न्यूझीलंडच्या सदर्न आल्प्समध्ये ताहरच्या मागे चढणारे शिकारी सामानातला ग्रॅम न् ग्रॅम मोजतात. (ताहर म्हणजे रानबोकडासारखा प्राणी, मूळचा आपल्या हिमालयातला, 1904 मध्ये तिथे नेऊन सोडलेला. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यापासून शिकारीचा विषयच संपला.) अशा चढणीसाठी हलकी बोल्ट रायफल (दर गोळीनंतर हाताने दांडा ओढून पुढचं काडतूस भरायची) हवी आणि शिकारी डावखुरा असेल, तर दुकानात त्याच्यापुढे दोन वेगळ्या वस्तू ‘डावखुऱ्यांची रायफल’ या एकाच नावाने ठेवल्या जातात.

पहिली खरोखरची डावखुरी. तिचा बोल्टचा दांडा डावीकडे असतो, रिकामी पुंगळी डावीकडेच उडते. हे नुसता दांडा फिरवून जमत नाही. रिसीव्हर (बोल्ट ज्यात सरकतो तो भाग), बोल्ट, पुंगळी बाहेर काढणारा आकडा, सगळं उलट्या बाजूने घडवावं लागतं. म्हणूनच ती कमी मॉडेलांत आणि मोजक्याच कॅलिबरमध्ये, म्हणजे काडतुसाच्या मापांत, मिळते. फिनलंडची टिक्का टी3एक्स लाइट डावखुऱ्या रूपात मिळते. स्कोपशिवाय (नेमाच्या दुर्बिणीशिवाय) तिचं वजन तीन किलोच्या आतबाहेर भरतं.

दुसरीत फक्त दस्ता दोन्ही बाजूंनी सारखा असतो. गालाला टेकायचा उंचवटा एका बाजूला झुकलेला नसतो, सेफ्टी (चाप अडवणारी कळ) बहुधा मागे मधोमध, अंगठ्याखाली. बोल्ट मात्र उजवीकडेच. खांद्याला लावून पाहिली की छान बसते, आणि फसगत होते ती इथेच.

डाव्या खांद्यावरून नेम धरणाऱ्याचा चेहरा दस्त्याच्या उजव्या बाजूला येतो, म्हणजे पुंगळी बाहेर पडणारी खिडकी नेमकी त्याच्याकडे तोंड करून. काडतूस फाटून गॅस मागे आला, तर तोही त्याच बाजूने यायची शक्यता जास्त. दुसरं काडतूस भरायचं तर डावा हात चापावरून उचलून स्कोपवरून पलीकडे न्यायचा, किंवा पुढची नळी पेलणारा उजवा हात सोडायचा.

आता एक गोष्ट उजव्या बोल्टच्या बाजूनेही सांगायला हवी. सॅकवर रायफल टेकवून आडवं पडलं असेल, तर उजवा हात मोकळाच असतो. तो बोल्ट ओढतो, डावा चापावरून हलतही नाही. सवय झाली की हे चांगलं जमतं. पण तीव्र उतारावर गुडघा टेकून किंवा उभ्याने मारताना पुढचं वजन उजव्याच हातावर असतं. तिथे ही सोय संपते. शिवाय हलक्या रायफलीची उसळी मोठी: तेच काडतूस साडेतीनऐवजी अडीच किलोच्या रायफलीतून झाडलं, तर धक्क्याची ऊर्जा जवळपास 40 टक्क्यांनी वाढते. उसळलेल्या नळीखालून आधाराचा हातही काढून घेतला, तर जखमी जनावर कड्याआड जाईपर्यंत पुन्हा नेम सापडत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. डोंगरासाठी खरी डावखुरीच घ्यावी, मग ती दोनतीनशे ग्रॅम जड का असेना. हव्या त्या कॅलिबरमध्ये ती मिळतच नसेल, तर कॅलिबर बदलावं. जे फक्त झोपून, टेकवून मारतात, त्यांना दुसरी चालेल.

एक अपवाद: हात डावा, पण नेम धरणारा प्रबळ डोळा उजवा असेल, तर उजव्या खांद्यावर शिकलेलं बरं, मग हा प्रश्नच उरत नाही. बाकीच्यांनी दुकानात रिकामी रायफल डाव्या खांद्याला लावून, गुडघ्यावर बसून बोल्ट सलग काही वेळा ओढून पाहावा. दर खेपेला डोळा स्कोपवरून हटत असेल, तर दस्ता कितीही छान बसो, ती परत ठेवून द्यावी.