इकोफ्रेंडली घर बांधायचंय? फोटो दाखवायच्या आधी हे वाचा

नमस्कार मंडळी. आमच्याकडे घराचं डिझाईन करून घ्यायला येणारे बरेचजण आता मोबाईलमधले फोटो घेऊनच येतात. कुणाला मिलानच्या त्या झाडांच्या टॉवरसारख्या बाल्कन्या पाहिजेत, कुणाला टायरचं घर, कुणाला जर्मनीसारखं पॅकबंद घर. फोटो जरूर आणा, आम्हालाही बघायला आवडतात. फक्त एक लक्षात घ्या, यातलं प्रत्येक घर म्हणजे तिथल्या लोकांनी तिथल्या एका त्रासावर काढलेला तोडगा आहे, कुठे थंडी, कुठे कोरडं ऊन, कुठे पूर. तुमचा त्रास तोच असेल तर तोडगा उचला, नसेल तर फुकटचा खर्च.

आता जर्मनीचंच बघा. डार्मश्टाट गावात १९९१ साली पहिल्या पॅसिव्ह हाऊसमध्ये लोक राहायला गेले, वोल्फगांग फाइस्ट यांचं काम. भिंतींना जाड इन्सुलेशन, खिडक्यांना तीन काचा, फटी जवळजवळ नाहीतच, आणि एक मशीन सतत चालू असतं जे आतली शिळी हवा बाहेर टाकताना तिची ऊब बाहेरून येणाऱ्या ताज्या हवेला देतं. पॅसिव्ह हाऊसचा नियम असा की घर गरम ठेवायला एका चौरस मीटरला वर्षाला १५ युनिटच्या वर उष्णता लागता कामा नये, म्हणजे हजार-अकराशे स्क्वेअर फुटाच्या घराला अख्ख्या वर्षात दीड हजार युनिट, आणि तेही बर्फाच्या देशात! भारीच आहे. पण सांगली-मिरजेत आपण आठ महिने खिडक्या उघड्या टाकून राहतो, तिथे ते मशीन न लावता नुसतं घर पॅक केलं तर पावसाळ्यात कपाटातल्या कपड्यांना बुरशी धरेल, दुसरं काही नाही.

इराणातल्या यझ्दचे वाऱ्याचे मनोरे, बादगीर म्हणतात त्यांना, हा आमचा आवडता विषय. तिथल्या दौलताबाद बागेतला मनोरा साधारण ३३ मीटर उंच आहे, वरचा वारा पकडून खाली घरात सोडायचा, खाली पाण्याचं कुंड, त्यावरून हवा गेली की गार. हे जमतं कारण हवा कोरडी आहे. आपल्याकडे नागपुरात कूलर मस्त चालतो आणि रत्नागिरीत नुसता चिकचिकाट होतो, त्यामागचं कारण हेच. जत-आटपाडीकडे बांधत असाल तर यातलं काहीतरी घेता येईल, कोकणातल्या फार्महाऊसला पाण्याचा भाग विसरा आणि वरची गरम हवा निघून जायला जिन्यावर झरोका ठेवा, तेवढं पुरतं.

टायरचं घर थोडक्यात सांगतो. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये ताओसला मायकल रेनॉल्ड्स हे १९७० च्या दशकापासून बांधतायत. एकेका टायरमध्ये शंभर किलोच्या वर माती घणाने ठोकून भरायची, दक्षिणेला मोठ्या काचा. दिवसाचं ऊन भिंतीत साठतं आणि वाळवंटातल्या गारठ्याच्या रात्री परत मिळतं. आपल्याला मे महिन्यात रात्री उष्णता परत नकोच आहे ना!

पुराचं मात्र सविस्तर, कारण नदीकाठचे लोक हे हमखास विचारतात. नेदरलँडमध्ये मासबोमेल इथे मास नदीच्या काठी तरंगणारी घरं आहेत, एरवी जमिनीवर बसलेली असतात, खाली काँक्रीटची पोकळ पेटी, पाणी चढलं की घर वर उचललं जातं आणि उभ्या खांबांना धरून राहतं, वाहून जात नाही, साडेपाच मीटरपर्यंत. पाण्याचे आणि ड्रेनेजचे पाईप लवचिक ठेवलेत. पण ही घरं नदीच्या मुख्य धारेत नाहीत, बाजूच्या तळ्यासारख्या संथ पाण्यात आहेत. आपल्या कृष्णेला २०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर पाणी होतं आणि ओढीबरोबर ओंडके, जलपर्णी, सगळं वाहत येतं. तिथे आम्ही तरंगणारं घर करून देणार नाही, कुणी देतो म्हणाला तरी दहा वेळा विचार करा. पूररेषेच्या आत बांधायचंच नाही, आणि बाहेर पण सखल असेल तर खांबांवर घर, खाली फक्त गाडी, वीजमीटर आणि इन्व्हर्टर वर.

आता आम्ही सगळ्यात जास्त जे वापरतो ते. लॉरी बेकर हे आर्किटेक्ट, जन्म १९१७, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचे, पण आयुष्य भारतात काढलं आणि शेवटची बरीच वर्षं त्रिवेंद्रमला. त्यांनी रॅट ट्रॅप भिंत केरळात रुजवली. वीट आडवी न ठेवता कडेवर उभी करायची, दोन उभ्या विटांच्या मधे साधारण तीन इंच पोकळी, मग एक वीट आडवी घालून दोन्ही बाजू बांधून घ्यायच्या. भिंत नऊ इंचीच होते पण विटा साधारण पाव हिश्श्याने कमी लागतात, सिमेंट-वाळूचा मालही कमी, आणि पोकळीतल्या हवेमुळे पश्चिमेच्या भिंतीचं ऊन आत यायला वेळ लागतो. ऐकायला सोपं आहे, करायला गवंडी पाहिजे. विटेच्या कडा सरळ हव्यात, माल पोकळीत पडता कामा नये, कोपऱ्यात आणि खिडकीच्या खालचा थर भरीव घ्यायचा, आणि लाईटचे पाईप भिंत चढतानाच टाकायचे, नंतर वायरमनने छिन्नी लावली की खेळ खल्लास. टीव्ही, गिझर, कपाटं कुठे टांगणार हेही आधीच सांगा, तिथे आम्ही भिंत भरीव ठेवतो. बाहेरून प्लास्टर नको असेल तर छज्जा दोन फूट तरी पाहिजे, नाहीतर पावसाळ्यात भिंत ओल धरते.

बेकरांचाच दुसरा प्रकार फिलर स्लॅब. स्लॅबच्या खालच्या भागात ताण सळई घेते, तिथलं काँक्रीट बरंचसं नुसतं वजन असतं, म्हणून त्या जागी मंगलोरी कौलं घालतात. सिमेंट वाचतं आणि खालून छत छान दिसतं. स्ट्रक्चरल इंजिनियरच्या ड्रॉइंगशिवाय आम्ही हा टाकत नाही, यावर वाद घालू नका प्लीज.

मिलानच्या टॉवरबद्दल एवढंच, तिथल्या झाडांची छाटणी करायला माळी दोरावरून लटकत उतरतात. तुमच्या बाल्कनीत कोण उतरणार ते ठरवून या.

आणि बजेट अगदीच कमी असेल, नवीन काही बांधायचंच नसेल तर गच्चीला पांढरा चुना किंवा पांढरा चायना मोझॅक करा. तेलंगणाने २०२३ ला यावर सरकारी धोरणच आणलं. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना फरक पहिल्याच उन्हाळ्यात कळतो, फक्त दरवर्षी धूळ धुवायची, काळवंडलेला पांढरा रंग काही कामाचा नाही.

पहिल्या मीटिंगचे पैसे आम्ही घेत नाही. येताना मोजणीचा नकाशा, मे महिन्यातला दुपारी तीन-चारच्या सुमारास काढलेला प्लॉटचा फोटो असला तर तो, आणि २००५, २०१९, २०२१ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं ते शेजारच्या जुन्या माणसांना विचारून. बोअरचं पाणी किती खाली आहे तेही. मोबाईलमधले फोटो नंतर बघू, चहा पिता पिता.